दहशत, युद्ध आणि विमा : प्रवाशाच्या पॉलिसीतल्या एका शब्दाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारले, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने विम्यावर काय बोलायचे? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की शब्दाचा अर्थ नक्की करणे हा आम्हा लोकांचा जुना धंदा, आणि विम्याचा सगळा व्यवहार शब्दांच्या अर्थावर उभा आहे. वर्गात ‘युद्ध म्हणजे काय?’ असे विचारले की मुले घड्याळाकडे बघायची. तोच प्रश्न 1973 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात आला तेव्हा त्याच्या उत्तरावर सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलर अवलंबून होते. मग सगळे कसे कान देऊन ऐकतात बघा! त्या खटल्याकडे आपण येणारच आहोत. पण आधी प्रश्न कुठून सुरू होतो ते पाहू.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी 26 जणांना ठार मारले. त्यांत 6 जण महाराष्ट्रातले होते. डोंबिवली, पुणे, पनवेल इथली ही माणसे. ज्यांच्या घरावर हे कोसळले त्यांच्या दुःखाशेजारी पैशांची गोष्ट ठेवू नये, आणि आम्ही ती ठेवणारही नाही. पण त्याच आठवड्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एक दुसरा, लहानसा प्रश्न उभा होता. मे महिन्याच्या सुट्टीचे काश्मीरचे बुकिंग झालेले. विमानाची तिकिटे, हाउसबोट, टूरवाल्याला दिलेला अ‍ॅडव्हान्स. आता जायचे की नाही? आणि नाही गेलो, तर बुडणारे पैसे कोणाचे?

‘विमा काढला होता ना?’ असे कोणीतरी विचारतो. मग पॉलिसी शोधली जाते, भिंग घेऊन वाचली जाते, आणि शेवटी कळते की ज्या गोष्टीमुळे आपण घाबरलो ती गोष्ट पॉलिसीत आहेही आणि नाहीही. हे असे का झाले, याला इतिहास आहे. कोणी एका दिवशी बसून प्रवाशाला फसवायचे ठरवले, असे काही झालेले नाही. अडीचशे वर्षे विमेवाले, न्यायाधीश आणि सरकारे मिळून एका प्रश्नाशी झगडत आली आहेत : माणसाने माणसावर मुद्दाम आणलेले संकट हे अपघात मानायचे, युद्ध मानायचे, की तिसरेच काही?

सुरुवात समुद्रापासून करू. लंडनच्या लॉइड्समध्ये 1779 साली जहाजाच्या विम्याचा एक ठरावीक मसुदा मान्य झाला. त्यात ज्या संकटांची यादी होती ती आज वाचली तर गंमत वाटते. समुद्र, आग, शत्रूच्या युद्धनौका, चाचे, चोर, राजेरजवाड्यांनी केलेली अटक आणि अडवणूक, असे सगळे एका दमात. म्हणजे विमेकऱ्याच्या लेखी वादळ आणि शत्रू एकाच रांगेत उभे होते. व्यापाऱ्याला काय, माल बुडाला म्हणजे बुडाला. कोणी बुडवला हा प्रश्न त्याच्यासाठी दुय्यम होता.

पण हा उदारपणा टिकणारा नव्हता. वादळाचा अंदाज अनुभवावरून बांधता येतो. शंभर जहाजे गेली तर साधारण किती बुडतील, हे वर्षानुवर्षांच्या नोंदी सांगतात. युद्धाचे तसे नाही. युद्ध एकदा सुरू झाले की शंभरच्या शंभर जहाजे एकाच वेळी धोक्यात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जहाजांच्या नेहमीच्या पॉलिसीतून युद्ध, जप्ती आणि अडवणूक वगळणारे कलम रूढ झाले. ज्याला युद्धाचे संरक्षण हवे त्याने वेगळा हप्ता भरून ते वेगळे घ्यावे. पुढे स्पेनच्या यादवीत विमानांनी शहरेच्या शहरे कशी उद्ध्वस्त करता येतात हे जगाने पाहिले. त्यानंतर 1937 साली ब्रिटिश विमा कंपन्यांनी आपसांत ठरवले की जमिनीवरच्या मालमत्तेला युद्धाचा विमा द्यायचाच नाही. तिथून ‘युद्ध’ हा शब्द विम्याच्या घराबाहेर गेला तो गेलाच.

आता समुद्रावरून आपण रेल्वेच्या फलाटावर येऊ, कारण सामान्य प्रवाशाचा विमा तिथे जन्मला. 1849 च्या सुमारास लंडनमध्ये ‘रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी’ने तिकिटाच्या खिडकीवरच अपघात विमा विकायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाने 3 पेन्स द्यायचे, मृत्यू आल्यास वारसाला 1000 पौंड. दुसऱ्या वर्गाला 2 पेन्सात 500 पौंड. तिसऱ्या वर्गाला एका पेनीत 200 पौंड. अपघात तिन्ही वर्गांना एकच, पण जिवाची किंमत डब्यानुसार. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की प्रवासाचा विमा सुरू झाला तेव्हा विमा उतरवला जायचा तो देहाचा. हात गेला, पाय गेला, जीव गेला, तर पैसे. ‘प्रवासच झाला नाही’ या गोष्टीचा विमा फार नंतर आला. विसाव्या शतकात लोक सहा-सहा महिने आधी पैसे भरून सहलीला जाऊ लागले, तेव्हा सहल ही सुद्धा बुडू शकणारी मालमत्ता झाली. आजच्या पॉलिसीत ही दोन्ही माणसे शेजारी राहतात : एक देहाचा विमा, दुसरा सहलीचा विमा. दहशतवादाच्या बाबतीत दोघांना अगदी वेगळी वागणूक मिळते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता त्या खटल्याकडे येऊ.

6 सप्टेंबर 1970. पॅन अ‍ॅमचे एक जंबो जेट अ‍ॅम्स्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघाले. बोइंग 747 हे विमानच तेव्हा नवे, त्याच वर्षी जानेवारीत सेवेत आलेले. उड्डाणानंतर पॅलेस्टाइन मुक्ती लोक आघाडीच्या दोघांनी ते ताब्यात घेतले. आघाडीने त्या दिवशी आणखीही विमाने पळवली होती आणि ती जॉर्डनमधल्या वाळवंटी धावपट्टीवर उतरवली होती. हे विमान तिथे उतरवण्याच्या मानाने फार मोठे. म्हणून ते आधी बैरूतला नेले, तिथे त्यात स्फोटके चढवली, मग कैरोला नेले. विमानातल्या दीडशेहून अधिक लोकांना घाईघाईने खाली उतरवले आणि लगोलग विमान उडवून दिले. माणसे वाचली. विमानाची राख झाली.

पॅन अ‍ॅमने विमा दोन प्रकारचा घेतला होता. एक नेहमीचा, ‘सर्व जोखमींचा’. त्यातून युद्ध, आक्रमण, यादवी, बंड, उठाव, दंगल, लष्करी सत्तेने किंवा बळकावलेल्या सत्तेने केलेली जप्ती, अशी मोठी यादी वगळलेली होती. दुसरा होता युद्ध जोखमीचा, ज्यात हे वगळलेले प्रकार येत होते. तो लॉइड्सकडे आणि काही भाग अमेरिकन सरकारकडे. झाले! पहिल्या विमेकऱ्यांनी सांगितले, ‘हे युद्ध आहे, त्यांच्याकडे जा.’ दुसऱ्यांनी सांगितले, ‘हे युद्ध नाही, त्यांच्याकडे जा.’ आपल्याकडे सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जसे पाठवतात, अगदी तसे. फक्त रक्कम 2 कोटी 40 लाख डॉलरची.

‘पॅन अ‍ॅम विरुद्ध एटना’ या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. न्यायाधीश मार्विन फ्रँकेल यांनी 1973 साली निकाल दिला, आणि 1974 साली अपील न्यायालयाने तो कायम केला. कंपन्यांनी वगळलेल्या यादीतला जवळजवळ प्रत्येक शब्द या घटनेला लावून पाहिला होता. न्यायालयाने एकेक शब्द उचलून तपासला. तो क्रम आपणही थोडक्यात पाहू, कारण तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे.

हे युद्ध होते का? युद्ध सार्वभौम किंवा निदान तशासारख्या सत्तांमध्ये होते. ही आघाडी सरकार नव्हती, आणि जॉर्डनमध्ये तिचे अस्तित्व तिथल्या सरकारच्या सहनशीलतेवर होते. शिवाय युद्धभूमीपासून दूर, युरोपच्या आकाशात, तिसऱ्याच देशाच्या नागरी विमानावर केलेल्या कृत्याला युद्धाची कारवाई कसे म्हणायचे? बरे, उठाव होता का? उठावाला सरकार उलथवण्याचा हेतू लागतो. हे विमान जाळून जॉर्डनचा राजा पदच्युत होणार नव्हता. जगाचे लक्ष वेधणे हा हेतू होता. मग दंगल? दंगलीला जमाव आणि गोंधळ लागतो. दोन माणसे विमानात बसून जे करतात त्याला कोणी दंगल म्हणत नाही.

मग कंपन्यांचा शेवटचा मुद्दा : पण या सगळ्याच्या मुळाशी अरब-इस्रायल संघर्ष आहे ना? न्यायालयाचे उत्तर असे, की विम्यात नुकसानीचे जवळचे कारण बघतात. कारणाचे कारण, त्याचे कारण असे मागे जात राहिलो तर कुठेच थांबता येणार नाही. आपल्या न्यायदर्शनात याला अनवस्था म्हणतात. कार्यकारणाची साखळी अनंत असते, पण दावा निकाली काढायचा तर कुठल्यातरी कडीवर बोट ठेवावेच लागते.

आणि मग सगळ्यात मोलाची गोष्ट. शब्द कंपनीने लिहिले होते. अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारीही कंपनीचीच. विमाने पळवली जात आहेत हे तिला माहीत होते. स्पष्ट शब्द लिहिण्याची संधी असताना तिने जुनेपुराणे शब्द ठेवले, तेव्हा संदिग्धतेचा फायदा विमेदाराला मिळेल. ‘सर्व जोखीम’वाल्या कंपन्यांनी पैसे भरावेत.

हा निकाल विमेदाराच्या बाजूने गेला खरा. पण इतिहासात विजयाचे परिणाम नेहमी विजेत्याच्या बाजूचे नसतात. न्यायालयाने सांगितले की तुमच्या जुन्या शब्दांत ही घटना बसत नाही. विमा कंपन्यांनी त्यातून धडा असा घेतला, की मग नवा शब्द हवा. विमानांच्या पॉलिसीत ‘अपहरण’, ‘राजकीय किंवा दहशतवादी हेतूने केलेले कृत्य’ असे शब्द स्पष्टपणे वगळलेल्या यादीत बसले. न्यायालयाने दहशतवादाला युद्धापासून वेगळे केले, आणि वेगळे झाल्यामुळेच त्याला वेगळे दार दाखवता आले.

पुढची तीस वर्षे आपण जरा वेगाने जाऊ. ही गोष्ट आता मोठमोठ्या इमारतींची आहे, पण प्रवाशाशी तिचा संबंध आहे. आपली छोटी पॉलिसी विकणारी कंपनी स्वतःचा विमा मोठ्या कंपनीकडे उतरवते. त्याला पुनर्विमा म्हणतात. वरच्याने हात आखडला की खालच्याला आखडावाच लागतो.

एप्रिल 1992 मध्ये लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजवर आयरिश रिपब्लिकन आर्मीने बॉम्बस्फोट केला. वर्षभरात, एप्रिल 1993 मध्ये, बिशप्सगेटला दुसरा. पुनर्विमा कंपन्या मागे सरल्या, आणि 1993 मध्येच ब्रिटिश सरकारच्या पाठबळाने ‘पूल री’ नावाची सामाईक व्यवस्था उभी राहिली. अर्थ असा : ही जोखीम एकट्या बाजाराला पेलत नाही, शेवटी सरकारला मागे उभे राहावे लागेल.

मग 11 सप्टेंबर 2001. विमा कंपन्यांवर 30 अब्ज डॉलरहून जास्त बोजा आला. काही दिवसांतच जगभरच्या विमान कंपन्यांना सात दिवसांची नोटीस मिळाली, की युद्ध आणि दहशतवाद यांपासून तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचे संरक्षण जवळजवळ काढून घेत आहोत. विमाने जमिनीवरच राहिली असती. सरकारांनी हमी दिली म्हणून ती उडत राहिली. त्याच घटनेतून आणखी एक खटला निघाला. दोन मनोऱ्यांवर दोन विमाने आदळली. ही घटना एक की दोन? विमा प्रत्येक घटनेमागे सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचा होता, त्यामुळे ‘एक’ आणि ‘दोन’ यांतले अंतर साडेतीन अब्जांचे होते. 2004 साली निकाल काय लागला? काही कंपन्यांच्या कागदातल्या व्याख्येप्रमाणे एक घटना, इतर काहींच्या कागदाप्रमाणे दोन! सकाळ तीच, शहर तेच, विमाने तीच. मोजणी मात्र कागदावर अवलंबून.

या धक्क्याची लाट भारतात पोचायला वेळ लागला नाही. परदेशी पुनर्विमा मिळेना, तेव्हा 1 एप्रिल 2002 पासून आपल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी एकत्र येऊन दहशतवाद पूल सुरू केला. त्याचा कारभार जीआयसीकडे. सुरुवातीला एका ठिकाणासाठी 200 कोटी रुपयांची मर्यादा होती, आज ती 2,000 कोटींवर गेली आहे. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंटवर हल्ला झाला तेव्हा हॉटेलांचे दावे या पूलकडे आले. म्हणजे हॉटेलाच्या भिंतीचा विमा होता. त्या हॉटेलात पुढच्या आठवड्याचे बुकिंग केलेल्या माणसाचे काय?

इथून आपण पुन्हा प्रवाशाकडे वळतो.

मघाशी म्हटले तसे, पॉलिसीत दोन माणसे राहतात. दहशतवादी हल्ल्यात तुम्ही जखमी झालात, तर आज बहुतेक प्रवास विम्यांत इस्पितळाचा खर्च मिळतो. देहाच्या बाबतीत कंपन्या बऱ्यापैकी नरमल्या. पण हल्ल्यामुळे तुम्ही सहल रद्द केलीत, तर पैसे मिळण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : तारीख, ठिकाण आणि घोषणा. पॉलिसी हल्ल्याच्या आधी घेतलेली हवी, कारण घडून गेलेली गोष्ट ही ‘ज्ञात घटना’, तिचा विमा होत नाही. हल्ला तुमच्या प्रवासाच्या ठिकाणी झालेला हवा. आणि बऱ्याच पॉलिसींत अधिकृतपणे कोणीतरी ‘जाऊ नका’ असे म्हटलेले हवे.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते ट्युनिशियात स्वच्छ दिसते. 26 जून 2015 रोजी सूस शहराजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एका बंदूकधाऱ्याने 38 पर्यटकांना मारले. त्यांतले 30 ब्रिटिश होते. हल्ल्यानंतर लगेच ब्रिटिश परराष्ट्र खात्याने ‘ट्युनिशियाला जाऊ नका’ असे म्हटले नाही. ते म्हटले 9 जुलैला, तेरा दिवसांनी. आता या तेरा दिवसांत जुलैच्या सहलीचे पैसे भरलेला लीड्सचा किंवा ग्लासगोचा माणूस डोळ्यांपुढे आणा. टीव्हीवर तोच किनारा, तीच हॉटेले. त्याला जायचे नाही. पण सरकारचा सल्ला बदललेला नाही, त्यामुळे त्याच्या विम्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही. ब्रिटिश पॉलिसींत यासाठी एक ठरावीक अपवाद असतो, प्रवासाची इच्छा न उरणे. इच्छा गेली हे तुमचे खासगी प्रकरण. या काळात कोणाला पैसे मिळाले असतील तर ते टूर कंपनीच्या सौजन्याने.

9 जुलैला चित्र एकदम उलटे. आता टूर कंपन्यांनीच सहली रद्द केल्या आणि पॅकेजच्या कायद्याप्रमाणे पैसे परत देणे त्यांना भाग पडले. एवढेच नाही, तर ज्याला तरीही जायचे होते त्याचा विमा निकामी होण्याची वेळ आली. 8 जुलैला न जाणारा माणूस भित्रा ठरत होता, 10 जुलैला जाणारा माणूस बेफिकीर. दोघांमधला फरक काय, तर लंडनमधल्या एका खात्याने संकेतस्थळावर बदललेली दोन वाक्ये.

आणि ती दोन वाक्ये निव्वळ सुरक्षेची नसतात. ट्युनिशियाच्या लंडनमधल्या राजदूतांनी तेव्हा उघड नाराजी दाखवली : पर्यटक पळाले, रोजगार गेला, तर दहशतवाद्यांना हवे तेच होईल. उलट बाजूने मृतांच्या नातेवाइकांचा प्रश्न होता, की मार्चमध्येच ट्युनिसच्या बार्डो संग्रहालयावर हल्ला झाला होता, तेव्हाच सल्ला कडक का केला नाही? दोन्ही बाजू खऱ्या आहेत. प्रवास-सल्ला लिहिणाऱ्याच्या मनात माणसाचा जीव असतो, दुसऱ्या देशाशी संबंध असतात, तिथल्या बाजारपेठेचा विचार असतो. किनाऱ्यालगतच्या मुख्य भागांपुरता तो सल्ला मागे घेतला गेला तो थेट जुलै 2017 मध्ये. आपल्या दाव्याची चावी अशी आपण कधीही न पाहिलेल्या माणसाच्या टेबलावर असते.

अमेरिकेत रीत थोडी वेगळी. तिथे काही पॉलिसी दिवस मोजतात. तुमच्या यादीतल्या शहरात, तुम्ही पोचण्याआधीच्या तीस दिवसांत (काही ठिकाणी सातच) हल्ला झाला तर रद्द करता येते. अट ही, की त्याआधीच्या ठरावीक काळात तिथे तसा हल्ला झालेला नसावा. म्हणजे जिथे वारंवार हल्ले होतात, तिथे हल्ला ही ‘अनपेक्षित’ गोष्ट उरत नाही! आणि ज्याला कोणाच्या घोषणेवर अवलंबून राहायचे नाही, त्याच्यासाठी ‘कोणत्याही कारणाने रद्द’ हा पर्याय. हप्ता बराच जास्त, आणि परत मिळणार 50 ते 75 टक्के.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी कंपन्यांची चलाखी आहे. थोडी आहेच. पण आम्हाला त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भीतीचा विमा उतरवणे खरोखर अवघड आहे. आग लागली की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता येते. भीती खरी की सोयीची, हे कसे तपासणार? सहल नकोशी झालेला आणि सहलीला घाबरलेला असे दोघे रांगेत उभे केले तर ओळखायचे कसे? विमा हा शेवटी सगळ्यांच्या हप्त्यांचा एक हंडा असतो. त्यातून एकाला दिले म्हणजे बाकीच्यांचे घेतले. म्हणून कंपनी बाहेरची खूण मागते : तारीख, ठिकाण, घोषणा.

अडचण पुढेच आहे. दहशतवादाचे शस्त्रच भीती हे आहे. आगीत नुकसान ज्वाळेने होते, हल्ल्यात मेलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसांचे नुकसान भीतीने होते, आणि ते तसेच व्हावे असा करणाऱ्याचा हेतू असतो. पॅन अ‍ॅमच्या खटल्यात न्यायालयाने नेमके हेच ओळखले होते, की हा देखावा जगाने पाहावा म्हणून केलेला आहे. मग ज्या संकटाचे मुख्य कार्य भीती निर्माण करणे हे आहे, त्याच्या विम्यातून भीतीच वगळली, तर विमा कशाचा उरला? हा प्रश्न आम्ही इथे ठेवतो. याचे पूर्ण उत्तर कोणत्याही देशाच्या पॉलिसीने दिलेले नाही.

आता शेवटी आपल्या घरी येऊ. भारतातल्या प्रवाशाकडे एक विमासदृश गोष्ट आहे आणि ती बहुतेकांना माहीत नाही. रेल्वेचे तिकीट! रेल्वे कायदा 1989, त्यात 1994 साली घातलेले कलम 124-अ. गाडीत किंवा स्थानकाच्या हद्दीत ‘अनुचित घटना’ घडून प्रवासी मेला किंवा जखमी झाला, तर चूक कोणाची हे न पाहता रेल्वे भरपाई देते. अनुचित घटनेच्या व्याख्येत पहिलीच नोंद दहशतवादी कृत्याची आहे. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट होऊन जवळपास दोनशे माणसे गेली, तेव्हा अशा घटनेसाठी कायदा तयार होता. मृत्यूची भरपाई तेव्हा 4 लाख होती, 2017 पासून 8 लाख आहे. आणि त्या व्याख्येतही एक मौज आहे. दहशतवादी कृत्य म्हणजे काय, यासाठी रेल्वे कायदा 1987 च्या ‘टाडा’कडे बोट दाखवतो. टाडा 1995 मध्ये संपला. कायदा गेला, त्याची व्याख्या रेल्वेच्या कायद्यात मागे राहिली. आज ऑनलाइन तिकीट काढताना 45 पैशांचा विमा घ्यायचा का, अशी चौकट येते ना, तोही याच व्याख्यांवर चालतो. 1849 च्या एका पेनीचा हा पणतू. पण पणजोबांसारखाच तो देहापुरता. गाडीत बसायचीच भीती वाटली, तर तो काही करू शकत नाही.

आणि पहलगाम? हल्ल्यानंतर सरकारने विमान कंपन्यांना सांगितले की श्रीनगरच्या तिकिटांवर रद्द करण्याचे आणि तारीख बदलण्याचे शुल्क घेऊ नका. कंपन्यांनी ठरावीक मुदतीपुरते ते मान्य केले. 29 एप्रिलच्या सुमारास जम्मू-काश्मीर सरकारने 87 पैकी 48 पर्यटनस्थळे बंद केली. मग मे महिन्यात लष्करी कारवाई सुरू झाली आणि उत्तर व पश्चिम भारतातले 32 विमानतळ काही दिवस बंद राहिले. आता एका कुटुंबाचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. 25 एप्रिलला ते जाणार नव्हते ते दहशतवादामुळे. 10 मे ला जाणार नव्हते ते लष्करी कारवाईमुळे. पॉलिसीत हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि बहुधा दुसरा तर 1937 पासूनच घराबाहेर. घरच्यांना मात्र ते एकच संकट वाटत होते. तुमच्या-आमच्यातल्या बहुतेकांनी देशातल्या सहलीसाठी विमा काढलेलाच नसतो, त्यामुळे प्रश्न पॉलिसीपर्यंत गेलाही नाही. तो टूरवाला, हाउसबोटवाला आणि प्रवासी यांच्यातल्या समजुतीवर सुटला, किंवा सुटला नाही. ज्या घोडेवाल्याचा हंगाम बुडाला, त्याच्याकडे तर दावा करायला कागदच नव्हता.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी पॉलिसी हातात आली की आधी अपवादांचे पान उघडा आणि तीन प्रश्न विचारा. एक, दहशतवादाचे संरक्षण देहापुरते आहे की सहलीलाही आहे? दोन, घटना घडली हे कोण ठरवणार : आपले सरकार, तिथले सरकार, की कंपनीच? आणि तीन, घोषणा होण्याच्या आधीच आम्ही आमच्या विवेकाने थांबायचे ठरवले, तर खर्च कोणाचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे छापलेली असतील. तिसऱ्याचे उत्तर बहुधा ‘तुमचा’ असेच असेल. ते आधी माहीत असले, म्हणजे निदान पैसे बुडू नयेत एवढ्यासाठी कोणी मुलाबाळांना घेऊन नको त्या दिवशी नको त्या ठिकाणी जाणार नाही. जीव आणि अ‍ॅडव्हान्स यांत निवड करायची वेळ माणसावर येऊ नये, यासाठीच तर विमा नावाची गोष्ट माणसाने शोधली होती. ती दहशतवादाच्या बाबतीत अजून अर्ध्या वाटेवर आहे, आणि उरलेली वाट ग्राहकांनी, न्यायालयांनी आणि सरकारांनी प्रश्न विचारत राहिल्याशिवाय सरणार नाही. 1970 साली एका जळालेल्या विमानाने तो प्रश्न पहिल्यांदा नीट विचारायला लावला होता.

 आता तुमचे प्रश्न घेऊ या.